राबणं हा व्यायाम नाही का?

प्रश्न : ताई, मी महाळुंगे पडवळला राहते, बारावीला आहे आणि रोज एसटीनं मंचरला कॉलेजात जाते. पुढं पोलीस भरतीला उतरायचं मनात आहे, म्हणून दिवाळीपासून मैत्रिणींबरोबर मैदानावर पळायला लागले. दोन फेऱ्या झाल्या की धाप लागते, कानात घुमल्यासारखं होतं. एकदा घेरी आली आणि खालीच बसले. कॉलेजात तपासणी झाली तेव्हा एचबी 9.2 निघालं. घरी सांगितलं तर आज्जी म्हणाली, ‘आमी कंदी पळालो व्हतो का? रानात राबलं की झाला व्यायाम. दिसभर काम करतीस, वर आनखी उड्या कशाला मारायच्या?’ मला तिचं थोडं पटतंही. मी पहाटे उठून पाणी भरते, झाडलोट, शेणकूर, भाकऱ्या करते, रविवारी कांदे लावायला जाते. दादा यातलं काही करत नाही. तो संध्याकाळी जिमला जातो आणि त्याला दूध, अंडी मिळतात. मग ताई, राबणं हा व्यायाम असतो की नसतो? असेल तर मी दादापेक्षा तगडी का नाही? आणि नसेल तर आज्जी एवढी काटक कशी?
ता. क. माझी एक मैत्रीण बारीक व्हायचं म्हणून रात्रीची जेवत नाही. तिलाही दोन शब्द सांगा.
— एक विद्यार्थिनी, महाळुंगे पडवळ

उत्तर : आधी आज्जीशी भांडण असेल तर ते मिटव. ती निम्मी बरोबर आहे, आणि तिची उरलेली निम्मी चूक पकडायला शास्त्रज्ञांनाही पुढची कितीतरी वर्षं लागली.

1953 साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिन्यानं वर-खाली. दोघं एकाच नोकरीतले, तरी हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. व्यायामाचं आजचं शास्त्र इथून सुरू झालं असं मानतात, आणि पहिल्याच दिवशी ते तुझ्या आज्जीच्या बाजूनं बोललं. कामात अंग हललं की अंगाला लागतं! फक्त त्या अभ्यासातले सगळे पुरुष होते. ड्यूटी संपवून कंडक्टर घरी गेला की ताट वाढायला घरात कोणीतरी असायची. तिची नाडी कोणी मोजली नाही.

पुढे डेन्मार्कमधल्या संशोधकांना वेगळंच चित्र दिसलं. मोकळ्या वेळात आपल्या मर्जीनं केलेली हालचाल हृदयाला बळ देते, पण पोटासाठी केलेलं जड काम तसं देतंच असं नाही, कित्येकदा उलट झिजवतं. यावर अजून वाद चालू आहे. पण त्यांनी सांगितलेलं कारण कांद्याच्या वाफ्यात एकदा वाकलेल्या कुणालाही लगेच कळेल. कांदे लावताना सहा-सात तास कमरेत वाकून राहायचं. श्वास कधी जोरात चढत नाही आणि नाडी कधी पुरती खाली येत नाही. तेच स्नायू, तोच कोन, तीच बोटं. पळताना याच्या उलट घडतं. चार मिनिटं जीव तोडून धावायचं, मग थांबायचं, पाणी प्यायचं, घरी येऊन खायचं. हृदय आणि स्नायू बळकट होतात ते जोर लावून झाल्यावरच्या विश्रांतीत, खाल्लेलं अंगी लागतं तेव्हा. कांद्याच्या वाफ्यातून उठून तू विश्रांतीला जात नाहीस, चुलीकडे जातेस.

हे कळायला डेन्मार्कपर्यंत जायचीही गरज नाही. तुमच्याकडे यात्रेत कुस्त्यांचा आखाडा भरतो तेव्हा एखाद्या जुन्या वस्तादाला विचार. तालमीत पैलवानाचं आयुष्य तीन गोष्टींवर उभं असतं: मेहनत, खुराक आणि आराम. जोर-बैठका मारून खुराक मिळाला नाही तर पैलवान खंगतो, हे वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो, आणि पोराच्या बापालाही बोलावून सांगतो की दूध-बदामाची सोय होणार असेल तरच पोराला तालमीत घाल. आता तुझा दिवस या मापानं मोज. मेहनत पहाटे पाचपासून आहे. खुराकात सकाळचा चहा आणि डब्यातली भाकरी. आराम म्हणजे एसटीत बसायला जागा मिळाली तर तेवढा. दादाची मेहनत तासाभराची, पण तिच्यामागे खुराक आणि झोप दोन्ही उभी आहेत. तो तगडा दिसतो यात जिमचं कौतुक थोडं आणि आईच्या वाढण्याचं जास्त आहे.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: राबण्यात मेहनत आहे, पण खुराक आणि आराम नसला तर तो व्यायाम होत नाही. व्यायामानं अंगात भर पडते. नुसत्या राबण्यानं अंगातलं खर्च होतं.

हे मी हवेत बोलत नाही. तुझ्याच जिल्ह्यात याचा हिशेब झालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास सुरू केला. जवळपास 800 गरोदर बायका. सरासरी वजन 42 किलोच्या आसपास, उंची 152 सेंटिमीटर. रानातली आणि घरातली कामं, पाणी भरणं, धुणं, सगळ्याची नोंद झाली. निष्कर्ष असा निघाला की गरोदरपणात जिला जास्त राबावं लागलं तिचं बाळ जन्मतः हलकं होतं, डोक्याचा घेरही लहान. दुसरा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्या बायकांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा आलं, त्यांची बाळं मोठी होती. नुसतं पोट भरलं की नाही यापेक्षा ताटात काय पडलं यानं फरक पडला. इथे बोलणं गरोदर बायकांचं आहे आणि तू अठराचीही नाहीस, हे मला माहीत आहे. पण त्या बायकाही त्याआधी काही वर्षं तुझ्याच वयाच्या होत्या, आणि 42 किलो वजन काही लग्नानंतर अचानक होत नाही.

आता आज्जी. ती काटक आहे यात शंका नाही. तिच्या लहानपणी जातं होतं, पाण्याची खेप होती, आणि चहाच्या टपरीवरचा बटर-खारीचा डबा नव्हता. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, रानातली भाजी हे साधं खाणं आजच्या बिस्किटांपेक्षा केव्हाही सरस. पण एक गोष्ट तिला हळूच विचार. तिच्याबरोबर लग्न होऊन आलेल्या जावांपैकी, तिच्या स्वतःच्या बहिणींपैकी किती जणी आज आहेत? बाळंतपणात किती गेल्या? ज्या काटक नव्हत्या त्या आपल्याशी बोलायला मागे उरल्याच नाहीत, म्हणून जुनी बाई म्हटली की ती काटकच असते असं आपल्याला वाटतं. आणि ती थकत नव्हती असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्या चाळल्या तर कष्टाचं रडगाणं पानोपानी सापडेल. डॉक्टरला सांगायची सोय नव्हती म्हणून बायांनी ते जात्याला सांगितलं.

धाप आणि कानातलं घुमणं यांच्याकडे येते. तुझ्या वयाला एचबी 12 तरी हवं. 9.2 म्हणजे जवळपास चौथा हिस्सा कमी. कांद्याच्या हंगामात मंचरच्या बाजार समितीत माल पोचवायला चार पिकअप लागतात आणि त्यातली एक बंद पडली, तर उरलेल्या तिघींना जास्त खेपा माराव्या लागतात. तुझ्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या कमी आहेत, म्हणून हृदय खेपा वाढवतं. घुमतं ते तुझ्याच नाडीचं. यात आळस कुठेही नाही, आणि ‘सवय नाही म्हणून होतं, पळत राहिलीस की जाईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

यात तू एकटीही नाहीस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींमागे 57 जणींना रक्तक्षय निघाला. पुरुषांमध्ये हाच आकडा शंभरात 22 च्या आसपास आहे. एकाच चुलीवरचं खाऊन एवढा फरक कसा? थोडा निसर्गानं केलेला, बराचसा वाढपानं केलेला.

निसर्गाचा भाग असा. महिन्याच्या पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, आणि त्याबरोबर 15 ते 20 मिलिग्रॅम लोह. आकडा छोटा वाटतो. पण आपल्या धान्याच्या जेवणातलं लोह शरीर फार थोडं उचलतं, शंभर भागांतले पाच ते आठ भाग, बाकीचं तसंच बाहेर. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये ठरवून दिलेल्या मापानुसार 16 ते 18 वयाच्या मुलीला रोज 32 मिलिग्रॅम लोह लागतं. त्याच वयाच्या मुलाला 26, आणि मोठ्या पुरुषाला 19. हा तक्ता तुझ्या घरात भिंतीवर लावण्यासारखा आहे. लोहाच्या बाबतीत घरात सगळ्यांत जास्त वाढून घ्यायचा हक्क तुझा आहे, दादाचा नाही, बाबांचाही नाही. अंड्यात लोह तसं फार नसतं, साधारण एक मिलिग्रॅम, पण चांगली प्रथिनं असतात आणि बी-12 असतं. रक्त तयार व्हायला तेही लागतं, आणि ते वनस्पतीत मिळत नाही. तेव्हा ‘पोरीच्या जातीला अंडी कशाला’ या प्रश्नाचं उत्तर ‘पोरीची जात आहे म्हणूनच’ असं आहे.

वाढपाचा भाग तुला ठाऊकच आहे. आधी बाबा आणि दादा, मग लहानगी, मग आई आणि तू, मग पातेल्याच्या तळाला जे असेल ते. कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. आईही तेच खाते. पण मटकीची उसळ वरून वाढत गेली की तळाला रस्सा राहतो आणि मटकी दुसऱ्यांच्या ताटात गेलेली असते. मासवडीचंच बघ. जुन्नर-आंबेगावचा एवढा नावाजलेला पदार्थ, बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, लसूण, कांदा. लोह आणि चुना दोन्ही भरपूर. पण ती पाहुणा आला की होते, तुम्ही मुली ती थापता, आणि कडेचे तुकडे खाता. मी पाहुणी म्हणून तुमच्याकडे जेवले आहे, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे.

आता करायचं काय? बाजरी सोडू नकोस. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सहा मिलिग्रॅम लोह असतं, गव्हाच्या पिठात चार, आणि पांढऱ्या भातात एकसुद्धा नाही. घरात गहू-तांदूळ आल्यावर भाकरी मागे पडली हे मुलींच्या रक्ताला महागात गेलंय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेलं ‘धनशक्ती’ नावाचं बाजरीचं वाण 2012 मध्ये महाराष्ट्रात आलं, त्यात लोह मुद्दाम वाढवलेलं आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलामुलींना, 12 ते 16 वयाच्या, लोह वाढवलेल्या अशा बाजरीच्या भाकरी काही महिने खायला घालून संशोधकांनी पाहिलं. ज्यांच्या अंगात लोह कमी होतं त्यांचं चार महिन्यांत वाढलं. मला त्यातली पुढची गोष्ट फार आवडली. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती, आणि ही भाकरी खाणारी मुलं बसून राहण्याचा वेळ कमी करून जास्त हिंडू-फिरू लागली. कुणी त्यांना ‘व्यायाम करा’ म्हटलं नव्हतं. बाबांना सांग, पुढच्या पेरणीला चार काकऱ्या या वाणाच्या घाला.

भाकरीबरोबर मेथी, शेपू, कांद्याची पात, मटकी, हुलगा, शेंगदाणा-तिळाची चटणी. आणि वर काहीतरी आंबट, कच्चं: लिंबू पिळ, आवळा, पेरू, टोमॅटो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव नसला की रस्त्याच्या कडेला लाल खच पडतो, आणि शेजारच्या गावातल्या मुलीच्या डब्यात एक टोमॅटो नसतो. आंबट फळातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह ओढून घ्यायला मदत करतं. चहा त्याच्या नेमका उलटा. जेवताना किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा लोह अडवतो. चहा-भाकरी, चहा-चपाती ही आपल्याकडची सकाळची जोडी मोडायलाच हवी. चहा सोड असं मी म्हणत नाही (मलाही कुणी तसं सांगितलेलं आवडणार नाही), फक्त खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही मिळतं, आमटी आंबट असेल तर जास्त. नॉन-स्टिकच्या हौसेपायी माळ्यावर टाकलेली कढई खाली काढ.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा मात्र भ्रम आहे. बीट खा, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. खजूर आणि गुळाचंही तसंच. उपवासाचं म्हणशील तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरलीस तर आठवड्यातले दोन-तीन दिवस तू नुसतं पोट भरतेस. देवाला राग येणार नाही अशी माझी खात्री आहे, पण आज्जीला येत असेल तर निदान शेंगदाणे, राजगिरा, दूध आणि फळं घे.

9.2 मात्र नुसत्या खाण्यानं भरून येणार नाही. 8 ते 10.9 हा मध्यम रक्तक्षय, त्याला औषध लागतं. शाळा-कॉलेजात आठवड्याला एक निळी गोळी मिळते, त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फोलिक ॲसिड असतं. ती रक्त कमी होऊ नये म्हणून. कमी झालेलं भरून काढायला रोजचा डोस डॉक्टर ठरवतील, साधारण तीन महिने तरी. आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. आशाताईंना गाठ, नाहीतर थेट घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. जाताना दोन गोष्टी स्पष्ट सांग: पाळीत किती दिवस, किती जातं, आणि जंताची गोळी शेवटची कधी घेतलीस. ‘अंगावरून जास्त जातं’ हे सांगायला मुली लाजतात आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या देत राहतात, नळ चालू आणि हौद भरतोय अशी गत होते.

निळ्या गोळ्यांचं नशीब मला ठाऊक आहे. निम्म्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून जातात. मळमळतं, संडास काळी होते, आणि ‘पुढं मूल होत नाही’ अशी आवई कुणीतरी उठवलेली असते. मूल न होण्याचा गोळीशी काही संबंध नाही. काळी संडास हे न शोषलेलं लोह आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ टाळायला गोळी जेवणानंतर घे, चहा-दुधाबरोबर घेऊ नकोस.

आणि पाणी पी. कॉलेजातल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण तिथल्या मुतारीत जायची हिंमत होत नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि त्यालाही ‘अशक्तपणा’ म्हणून खपवलं जातं. यावर तुझ्या हातात उपाय थोडा, पण कॉलेजला मुलींनी मिळून लेखी अर्ज देण्याएवढा नक्की आहे.

पळण्याबद्दल. भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते, उंची 155 सेंटिमीटर लागते. 800 मीटर म्हणजे तुझ्या दोन फेऱ्यांच्या जरा पुढे, फार लांब नाही. पण पहिले सहा-आठ आठवडे, गोळ्या चालू असताना, दम लागेपर्यंत पळू नकोस. भराभर चाल, हलक्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर. एचबी 11 च्या वर आलं की धावणं वाढव. दोरीवरच्या उड्या मात्र आयुष्यभर ठेव. हाडांत जो साठा होतो त्यातला बहुतेक विशीच्या आत होतो, आणि हाडाला आपटणं मानवतं. आज्जीला उड्या पोरखेळ वाटतात, पण साठीतल्या खुब्याची तजवीज आत्ताच करायची असते. पाळीत पळायला हरकत नाही. दुखत असेल तर थांब, बाकी विटाळाचा आणि मैदानाचा संबंध नाही. आणि एक गोष्ट वहीत लिहून ठेवायची नाही तर विकत घ्यायची: पळताना घालायची घट्ट ब्रा. कितीतरी मुलींचं खेळणं आठवीत सुटतं ते छातीमुळे आणि मैदानाच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांच्या नजरेमुळे. माझं कबड्डी खेळणं असंच सुटलं. कारण मी घरी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हे जगभर चालतं. 2016 च्या आकडेवारीवरून 146 देशांचा हिशेब मांडला तेव्हा 11 ते 17 वयाच्या शंभरातल्या 85 मुली रोज तासभर पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं, मुलगे 78. आपल्याकडे तर बायकांच्या खेळालाही देवाचं निमित्त लागतं. पंचमीचा झोका, मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा यांत घाम निघतो, मांड्या भरतात, हसून पोट दुखतं. वर्षातून एक रात्र परवानगी, मग पुढच्या श्रावणापर्यंत बंद. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यानं 1914 मध्ये बांधायला घेतले. त्या खेळाच्या पहिल्या विश्वचषकात, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत, आपल्या मुली जिंकल्या आणि कप्तान होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. कुस्तीतही 2023 मध्ये सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं पहिली महिला महाराष्ट्र केसरी गदा घेतली. दादाच्या जिममध्ये तिचा फोटो आहे का, विचार.

बिबट्याचं तू लिहिलं नाहीस, पण मी लिहिते, कारण तुमच्या भागात पहाटे पळा असा सल्ला देणं गुन्हा ठरेल. तुझ्या गावचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी मालाचा ट्रक अडवताना त्याखाली गेले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. त्या पाण्यावर तालुक्यात ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला, आणि बिबट्यामुळे पोलीस व्हायला निघालेल्या मुलीची पहाट गेली. उजाडल्याशिवाय निघू नका, दिवस मावळायच्या आत परता, उसाच्या कडेचा रस्ता टाळा, चौघी-पाच जणी मिळून जा. शाळेचं मैदान सकाळी सात ते आठ मुलींसाठी उघडं मिळावं असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. तो बाबांनी मांडला तर आणखी बरं.

तुझ्या मैत्रिणीला एवढंच सांग: वजनकाटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण एकाच्या अंगात चरबी 9 टक्के, दुसऱ्याच्या 21. जास्त चरबी आपल्या मराठी डॉक्टरांच्या अंगात! आपली माणसं बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतात, आणि उपाशी राहिलं की आधी स्नायू झडतात, चरबी मागून. रात्रीचं जेवण सोडणारी मुलगी बारीक होते तशी अशक्त होते, दुसऱ्या दिवशी चारला वडापाव खाते, आणि पाळी पुढे-मागे व्हायला लागली की ‘पीसीओडी’चा शिक्का घेऊन येते. तिला म्हण, जेवण लवकर कर, भात कमी आणि उसळ जास्त घे, आणि माझ्याबरोबर मैदानावर ये. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकत असेल, तर मात्र गप्प बसू नकोस, तिच्या आईला सांग. तिला राग आला तरी चालेल.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासशील तेव्हा आकडा मला कळव. आणि जाताना आज्जीला बरोबर ने, तिचंही एचबी तपासून घे. माझा अंदाज आहे, ते आजवर कुणी मोजलेलं नसेल.